पांढऱ्या बियांचा रिपोर्ट

७ फेब्रुवारी १८६४, रविवार
जिल्ह्याचे साहेब काल शाळेत येऊन गेले. सगळी गायरानं कापसाखाली गेली. कापसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांना चारा उरला नाही. साहेबांचा प्रश्न असा : अकोटच्या वरचं झुडपी रान दर उन्हाळ्यात जळतं, तरी पावसाळ्यात हिरवं होतं. तिथे आगीतून वाचणारी, चाऱ्याला पेरता येईल अशी बी कोणती? आकार कसा, रंग कोणता? पुराव्यानिशी सांगेल त्या मास्तराला अमरावतीच्या शाळेत हेडमास्तर करणार.
अकोटात माझ्यासारखा मास्तर नाही. (दुसरा मास्तरच नाही, पण तो मुद्दा वेगळा.) कौशल्येला ट्रंक भरायला सांगितली. तिची बहीण कुंदा अमरावतीला असते. ती म्हणाली, पयले रिपोर्ट तं लिहा.
निश्चय : रोज पहाटे चारला उठणे.

८ फेब्रुवारी
साडेसातला उठलो. थंडी. थिअरी मात्र अंथरुणातच तयार झाली. काळी छत्री उन्हात तापते, पांढरी पगडी तापत नाही. सबब काळी बी जळणार, पांढरी वाचणार. आकार रुंद आणि भरदार हवा.
ट्रंक अजून रिकामी.

१४ फेब्रुवारी, रविवार
नत्थुजींच्या गाडीतून रानात गेलो. शेतकरी माणूस, बैलांचे हाल बघवत नाहीत म्हणून मदत करतो. तीन वाफे केले : पांढरी ज्वारी, करडई, भोपळ्याच्या बिया.
कुसळी गवताने धोतर भरलं. नत्थुजींनी एक कुसळ तळहातावर ठेवून दाखवलं. म्हणाले, पाहा ना पंतोजी, खाली सुईसारखं टोक, वर शेपटी. शेपटी भिजली का पीळ घेते अन् टोक जमिनीत घुसते. म्हटलं, इथे शास्त्र चाललं आहे, शिवणकाम नाही.
घरी एकसष्ट कुसळं उपटली आणि अंगणात कौशल्या कचरा जाळते त्या कोपऱ्यात फेकली. बाकीची निघेनात. धोतर टाकून दे म्हटलं, तर तिने खुंटीला टांगलं. या घरात काही टाकत नाहीत.

२७ मार्च, रविवार
होळी होऊन चार दिवस झाले आणि रान पेटलं. आज पाहणी. भोपळ्याच्या बिया सपाट, जमिनीवर उघड्या पडून होत्या. त्यांचे कोळसे. करडईचा पत्ता नाही. ज्वारीच्या लाह्या झाल्या. नत्थुजींनी मूठभर खाल्ल्या आणि म्हणाले, पंतोजी, मीठ पाहिजे होतं.
निष्कर्ष : आग वाजवीपेक्षा मोठी होती. थिअरी कायम.

३ एप्रिल, रविवार
जळलेल्या काळ्या जमिनीवर पांढऱ्या बिया पुन्हा टाकल्या. काय उठून दिसत होत्या! राखणीला झाडाखाली बसलो. डोळा लागला. उठलो तर तित्तरांनी सगळं साफ केलेलं. नत्थुजी म्हणाले, काया जमिनीवर पांढरी बी म्हंजे पाखराले जेवाचं ताट वाढल्यासारखं. काई बी दिसली असती का त्याइले?
काळी बी! हा माणूस आकाराला आणि रंगाला दोन्हीकडून आडवा येतो. त्याला पुढे नेणार नाही. (गाडी त्याची आहे. नेईन.)

एप्रिल, मे
उष्मा. विचार चालू.

२६ जून, रविवार
पावसाला दहा दिवस झाले. माझ्या वाफ्यांत माझं एकही रोप नाही. सगळीकडे कुसळी. पांढऱ्या बियांना जागा व्हावी म्हणून दुपारभर वाकून ती उपटली. कंबर गेली. नत्थुजी डोक्याला हात लावून बघत होते. दमले असावेत.

३ जुलै, रविवार
रिपोर्ट पूर्ण. नऊ पानं. ती पाहून कौशल्येने एकदाची ट्रंक भरली. कौशल्या म्हणाली, अवो, थ्या कोपऱ्यात शिवरात्रीपासून दर आठवड्याले कचरा जाळून राहिली मी, तरी कुसळी उगवलीच. तुमी फेकली तीच. उपटून टाक म्हटलं. म्हणाली, काहून? वासरू खाते.

१० जुलै, रविवार
साहेब घरी आले. रिपोर्टाचं पहिलं पान वाचलं आणि विचारलं, किती रोपं आली? म्हटलं, सध्या शून्य. साहेब उठून थेट कोपऱ्यात गेले आणि राखेतल्या हिरव्या गवतापाशी उकिडवे बसले.
हे कोणी पेरलं? कौशल्या दाराआडून म्हणाली, याइच्या धोतरानं. मग थांबेचना. नत्थुजी म्हणतात, टोकानं बी खाली जाते, आग वरून निंगून जाते. रंग करडा, राखेत चिमणीले दिसत नाई. आणि खुंटीवरचं धोतर बाहेर दिलं. साहेबांनी काठ पाण्यात बुडवला. अडकलेल्या कुसळांच्या शेपट्या वळायला लागल्या, धोतर आपोआप हललं. साहेबांनी टाळी वाजवली.
मीही वाजवली.

११ जुलै
शिपाई आला. साहेबांनी धोतर मेणकापडात बांधलं, लाख लावून मोहोर केली आणि पुरावा म्हणून अमरावतीला पाठवलं. सोबतच्या कागदावर कौशल्येचं बोलणं शब्दशः. खाली तिचं नाव, नत्थुजींचं नाव. धोतर कोणाचं ते लिहायचं राहिलं.
कागदावर मास्तर कोणीच नाही, म्हणून अमरावतीला हेडमास्तर होऊन कारंज्याचा मास्तर चालला, असं शिपायाकडून कळलं.
ट्रंक कौशल्येनेच रिकामी केली. कुंदाला घेतलेलं लुगडं वर निघालं, ते तिने परत घडी करून फळीवर ठेवलं. मग म्हणाली, जाऊ द्या. तुमचं धोतर तं गेलं अमरावतीले.