सर्व विद्यार्थ्यांनी उपस्थित राहावे

सोमवार, १ सप्टेंबर
एम.ए.चा पहिला दिवस. वय त्रेसष्ट. भीती अजिबात वाटली नाही. सकाळी दोनदा उलटी झाली, ती कालच्या पपईची.

वीस मिनिटं आधी वर्गात. फळा कुणी पुसलेला नव्हता, मी पुसला. मुलं दंगा करत आत शिरली. म्हटलं, "शांतपणे बसून घ्या." बसली! विद्यापीठाच्या परीक्षा विभागात बत्तीस वर्षं काढली आहेत, आवाज अजून शाबूत आहे. बाकात गुडघा मावेना, म्हणून सरांच्या टेबलाशेजारची खुर्ची घेतली. सर माझ्या लेकीपेक्षा लहान. मला 'मॅडम' म्हणतात. चांगल्या घरचे दिसतात.

मधल्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले. मला भूक नव्हती.

बुधवार, ३ सप्टेंबर
सरांनी जाहीर केलं की प्रोजेक्ट चौघाचौघांच्या गटात करायचं. गट आपापले जमवायचे, यादी २६ तारखेला चारच्या आत. गट नाही तर प्रोजेक्ट नाही, प्रोजेक्ट नाही तर परीक्षा नाही. असली वाक्यं मी खिडकीच्या आतल्या बाजूने शेकडो वेळा बोलले आहे. बाहेरच्या बाजूला ती इतकी गार लागतात, हे माहीत नव्हतं.

लेकीचा फोन. मैत्रिणी झाल्या का? म्हटलं, मोजतेय. म्हणाली, आई, परीक्षेला बसता आलं नाही तर मुकाट्यानं इकडे राहायला ये, मागची खोली रिकामीच आहे. मी कबूल केलं. ती खोली पाहिली आहे मी. तिथे इस्त्रीचं टेबल राहतं.

गुरुवार, ४ सप्टेंबर
उपाय सापडला. माणसं एकत्र खेळली की मैत्री आपोआप होते. दर शुक्रवारी माझ्याकडे गेम नाइट! विभागाच्या फलकावर आमंत्रण लावलं:

"एम.ए. प्रथम वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांनी दर शुक्रवारी सायंकाळी ठीक सहा वाजता खालील पत्त्यावर खेळांसाठी उपस्थित राहावे. उशिरा येणाऱ्यास प्रवेश मिळणार नाही."

खाली सही. जिव्हाळा वाटावा म्हणून 'आपली' लिहिलं.

शुक्रवार, ५ सप्टेंबर
आठ जण आले! पावणेसहापासून जिन्यात रांगेत उभे.

रोल नंबरप्रमाणे बसवलं. घट्ट मित्र शेजारी आले की एकमेकांचं बघतात. दोन टेबलं, दोन सापशिड्या. मी खेळले नाही, कुणीतरी लक्ष ठेवायला हवंच. सात वाजायला दहा कमी असताना "शेवटची दहा मिनिटं" म्हणून बेल वाजवली. लाल चष्मेवाली मुलगी हात वर करून म्हणाली, "मॅडम, पाणी प्यायला जाऊ?" कॉन्व्हेंटनंतर असं वळण आज पाहिलं. वर्गात सतत जांभया देणाऱ्या एकाने सोंगटी दोन घरं जास्त सरकवली. त्याचे फासे जप्त केले. पोरगं पांढरंफटक पडलं. जाताना सगळ्यांच्या सह्या घेतल्या, आठवण म्हणून.

गटाचं विचारायचं राहिलं. तोंडाशी आलं होतं, पण घसा कोरडा पडला. पंखा फार जोरात होता.

मंगळवार, ९ सप्टेंबर
कँटीनच्या दारापर्यंत गेले. आत नुसता खिदळण्याचा आवाज. मी दिसताच बंद. आठ जण चक्क उठून उभे राहिले. म्हटलं, "बसा, बसा." बसले. कुणी घास उचलेना. दाराशेजारी आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना होत्या, त्या वाचल्या. तिन्ही भाषांत. मग परत फिरले.

डबा जिन्यात खाल्ला. जिन्यात वारा छान येतो.

शुक्रवार, १२ सप्टेंबर
पंधरा! शेजारणीने विचारलं, "काय हो, शिकवणी सुरू केलीत का?" तिला मैत्री काय कळणार. तिच्याकडे महिनोन्‌महिने कुत्रं फिरकत नाही.

बिस्किटं आणायला आत गेले तर बाहेर हसण्याचा स्फोट. ताट घेऊन आले तर चिडीचूप. तरी मैत्री जमतेय, डोळ्यांना दिसतं. लाल चष्मा आणि जांभईबहाद्दर माझ्याच टेबलावर पहिल्यांदा शेजारी बसले, आता वर्गातही सोबत असतात.

आरशासमोर सराव केला. "तुमच्या गटात जागा आहे का?" आरशाला व्यवस्थित ऐकू जातं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर
अख्खा वर्ग! चोवीस माणसं, अकरा खुर्च्या. मागच्या वेळी न आलेल्या एकीने डॉक्टरांची चिठ्ठी आणून दिली. मैत्रीत एवढी तळमळ! चिठ्ठी फाइलला लावली.

आज विचारायचंच, असं ठरवलं होतं. लाल चष्म्याला स्वयंपाकघरात बोलावलं. छातीत धडधडत होतं, बीपीची गोळी उशिरा घेतली म्हणून. शब्द उलटसुलट झाले. तोंडातून आलं, "तुमच्या गटाचं काय झालं?"

ती म्हणाली, "सॉरी मॅडम, आत्ताच करतो."

बाहेर धावपळ, कुजबुज. दहा मिनिटांत कागद माझ्या हातात. सहा गट, चोवीस नावं, सुवाच्य अक्षर. जे ज्या टेबलावर बसत आले ते बहुतेक एकत्र. मी दोनदा वाचला. म्हटलं, छान. त्यांनी विचारलं, जाऊ का? म्हटलं, जा.

रविवार, २१ सप्टेंबर
लेकीचा फोन. गट झाला का? हो म्हटलं. खोटं नाही. सहा झाले.

घर किती शांत आहे, हे शुक्रवारमुळे कळायला लागलंय.

बुधवार, २४ सप्टेंबर
सरांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. म्हणाले, "मॅडम, मुलं म्हणतात, शुक्रवारच्या हजेरीला दहा मार्क आहेत. असं काही विभागानं ठरवलेलं नाही." मुलांची समजूत आहे की मी विद्यापीठाची माणूस, त्यांच्यावर नजर ठेवायला आलेली. मग ते कानाची पाळी चोळत म्हणाले, "खरं सांगू? पहिला आठवडा मलाही वाटलं, तुम्ही माझ्यावरच नजर ठेवायला आला आहात."

उद्या वर्गाला सांगणार आहेत. माझ्या गटाचं विचारलं. म्हटलं, बोलणी चालू आहेत. त्यांनी यादी पाहिली होती. म्हणाले, "पाच जणांचा गट चालेल मला. पण तुम्ही स्वतः विचारा. मी सांगितलं तर ती नाही म्हणणार नाहीत, आणि तुम्हाला कधी कळणारही नाही."

उद्धट कार्टं. बरोबर बोललं.

गुरुवार, २५ सप्टेंबर
वर्गाला गेले नाही. ताप होता. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

शुक्रवार, २६ सप्टेंबर
तीन वाजून दहा मिनिटांनी कँटीनचं दार ढकललं. सगळ्यांनी पाहिलं. या वेळी कुणीही उठलं नाही. दारापासून पहिल्या टेबलापर्यंत अकरा पावलं आहेत. एवढं अंतर मी नोकरीच्या मुलाखतीतही चालले नव्हते.

लाल चष्मा, जांभईबहाद्दर, आणखी दोघं. विचारलं. आवाज मांजरीच्या पिल्लासारखा निघाला, म्हणून पुन्हा विचारलं.

लाल चष्मा म्हणाली, "म्हणजे तुम्ही खरंच आमच्यासारख्या?" हो म्हटलं.

जांभईबहाद्दर म्हणाला, "मग माझे फासे कुठल्या अधिकारात जप्त केलेत?" कुठल्याच नाही, म्हटलं. "आणि मी तीन शुक्रवार क्रिकेट सोडलं!" शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं. कान तापले. पळावंसं वाटलं. गुडघा आडवा आला.

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "एक काम उरलंय, कुणी घेत नाहीये. प्रेझेंटेशन. सगळ्या विभागासमोर उभं राहून अठरा मिनिटं बोलायचं. घेता? तुम्हाला काय, कशाचीच भीती नाही."

छे, म्हटलं, भीती कसली. तीन बावन्नला पाचवं नाव लिहिलं. अक्षर जरा हललं.

सहाला टेबलं मांडली. सातला आवरली. कुणी आलं नाही. येण्याचं कुणाला कारणही नव्हतं.

अठरा मिनिटं. बसल्या जागी तळव्यांना घाम सुटलाय. मला भीती वाटते. हे कुणाला तरी सांगावंसं वाटतंय. आता गटात हक्काचे चौघं आहेत.

एकाचाही फोन नंबर घेतला नाही.