डाव्या हाताची निब

प्रिय स्वप्ना,

विसरली असशील म्हणून सांगते, विरारला मनवेलपाड्यात तुझी एक आजी राहते. नोकरी तुला साताऱ्याला लागली, चंद्रावर नाही. दिवाळीत वाण्याच्या फोनवर कशी आहेस विचारलंस आणि मी बरी म्हणायच्या आत ठेवूनही दिलास. पत्र लिहून द्यायला खालची फ्लोरा तयार होती, पण तिला मी नको म्हटलं. आज लिहिणारं माणूस हळू आहे, म्हणून मीही तोंड आवरून सांगते.

तुझ्या आजोबांचा उजवा हात श्रावणात लकव्यानं गेला तो गेलाच. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, टोमणे तर पहिल्यापेक्षा बरे मारतात. पण पेनदुरुस्तीची पेटी त्यांनी माळ्यावर टाकायला लावली. गोखिवऱ्याचे निकोलस सर वडिलांचं पेन घेऊन आले, सोन्याची निब वाकलेली, तर उघडूनही न बघता परत पाठवलं. आयुष्यभर लोकांच्या निबा सरळ केल्या त्या माणसानं. शेवटचं घासणं माझ्याकडे असायचं, आठवतं ना? मला अक्षर येत नाही, म्हणून कागदावर चकल्या काढून बघायची, निब कुठे खरखरते ते.

एकदा त्यांनी आपलं हिरवं पेन डाव्या हातात धरून पाहिलं. निब रुतली, कागद फाटला, पेन कॉटखाली गेलं. निब मालकाच्या हाताच्या कलानं झिजते, आणि ही सगळी उजव्याला झिजलेली. डाव्यासाठी घासायची तर तो कल कायमचा जाणार. म्हणजे उजवा आता येत नाही, हे कबूल करायचं. दोघांनाही कळत होतं. शेवटी न विचारता मीच भिंग घेऊन बसले. डाव्या हातानं चकली काढायची, रुतलं की पॉलिशपेपरवर निब जराशी फिरवायची, धुवायची, शाई भरून पुन्हा चकली. टोकाचा दाणा मोहरीहून बारीक, जास्त घासला की संपलं. पेन पुढ्यात ठेवलं तर भिंगातून पाहिलं आणि जेवायला बसले. मग म्हणाले, डावीकडची कड तशीच ठेवलीस, डोळे आहेत की बटणं. आणि पेटी खाली काढायला लावली. पेपर मी धरला, निब त्यांनी फिरवली. कड मी मुद्दाम ठेवली असं त्यांना वाटतंय. वाटू दे.

तर ही वाकडीतिकडी अक्षरं त्यांची आहेत. पत्राचं कारण एवढंच, की ती तुला लागतात की नाही हे त्यांना कळायला हवं, आणि ते स्वतः विचारणार नाहीत. फोन करू नकोस. लिहून कळव, कुठलं अक्षर लागलं नाही तेही लिही, भीड धरू नकोस. तुझं उत्तर आलं की निकोलस सरांना पेन घेऊन या म्हणून निरोप धाडायचा, असं मी ठरवलंय.

तुझीच, अजून धडधाकट,
आजी

येणाऱ्या कुणाबरोबर फुटाणे पाठव, बिनमिठाचे. पेढे नकोत, ह्यांची साखर वाढलीय. मला वाचता येत नाही, तेव्हा खाली दुसरं काही मागितलेलं दिसलं तर ते माझं नाही.

कंदी पेढे पाठव. फुटाणे तिला. – आजोबा