रांजणातलं पाणी मी नेलं

वैनी,

रांजण रिकामा दिसला म्हणून शेजारणीशी भांडू नका. पाणी मीच नेलं. दोन घागरी कबड्डीच्या मैदानावर ओतल्या.

आज पुण्याच्या कंपनीचे साहेब आपल्या नव्या जिल्ह्याचा संघ बघायला येणार हायेत. त्यांनी निवडलं तर कॉलेज सोडून पगारावर खेळायला जायचं. अण्णाला हे पटणार न्हाई, त्याला मीच सांगतो, तुम्ही बोलू नका.

दुष्काळामुळं मैदानावर पाणी मारणं बंद हाय. जमीन लोखंडावानी झालीय. परवा तिथंच आमच्या संघातल्या शेषेरावचा गुडघा फुटला. खेळतो म्हणून त्याची फी माफ हुती; आता त्याचं खेळणंबी गेलं आन् कॉलेजबी. तवापासून डोळा मिटला की मला त्याचा पायच दिसतो. म्हणून चोरी केली.

तुम्ही हे पाणी किती लांबून डोक्यावर आणता, ते मला ठावं हाय. पर वैनी, जमिनीनं बघता बघता सगळं पिऊन टाकलं आन् बोटभरसुद्धा मऊ झाली न्हाई. आता तिथंच खेळायला निघालोय.

आईच्या गोळ्यांपुरतं तांब्याभर पाणी झाकून ठेवलंय.

अंगणातली बाज आज आत घेऊ नका. मला पोरांनी उचलून आणलं तर लागंल.

मुंजा