डोक्याकडची दोरी

मी, मर्डो कॅलम गिलक्रिस्ट, वय एकाहत्तर, राहणार ग्रीनॉक, पूर्वीचा धंदा रॉक बँडमध्ये कीबोर्ड वाजवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. फुप्फुसं गेली आहेत, डोकं शाबूत आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागाच्या भरात केलं होतं.

१. घर व बँकेतली शिल्लक धाकटी बहीण एफी हिला. जिन्याखालची ओल तिने माझ्या नावाने खुशाल बोटं मोडत दुरुस्त करावी.

२. आमच्या बँडची रेकॉर्ड तुफान खपली म्हणून मिळालेली, भिंतीवरची सोनेरी तबकडी शेजारच्या विल्मा डनलॉपला. तिला त्या तबकडीवर केक मांडायचा आहे. मांडू दे.

३. जुना ऑर्गन टेकडीवरच्या चर्चला. मधली एक पट्टी अडकते, तिथे बोट जरा तिरकं टाकावं. हे धूड आम्ही जन्मभर व्हॅनमधून उतरवलं; एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला आमचा गायक स्ट्रुअन लेडलॉ. दर जिन्यावर तो ओरडायचा, "उचल की रे! आजीला बसवलंयस का आत?" पण आपलं टोक त्याने कधी सोडलं नाही.

४. माझं दफन. शवपेटी आपल्याच माणसांनी दोऱ्यांनी कबरीत सोडायची, आणि कोणती दोरी कोणाची हे आधी कार्डावर कळवायचं, ही आमची रीत. माझी बायको इशबेल गेली तेव्हा डोक्याकडची दोरी मी धरली, पायाकडची स्ट्रुअनच्या नावे ठेवली. बँड तेव्हा माझ्याविना दौऱ्यावर, हॅम्बुर्गला होता. फोनवर तो एवढंच म्हणाला, "मर्डो, शो रद्द होत नसतो रे." इशबेलच्या पायाशी हातमोजे घातलेला एक भाडोत्री माणूस उभा राहिला. त्यानंतर मी बँड सोडला आणि स्ट्रुअनशी बोलणंही.

गेल्या हिवाळ्यात एफीने सांगितलं, की दफनाच्या त्या रात्री हॅम्बुर्गला माझ्या जागी बदली वादक तयार असूनही स्ट्रुअनने त्याला परत पाठवलं. माझा कीबोर्ड मांडून, त्यावर दिवा लावून ठेवला. इशबेलच्या आवडीचं गाणं त्याला अर्ध्यावरच सोडावं लागलं.

"मग? इथे यायला काय झालं होतं त्याला?" मी म्हणालो.

"भ्याला असेल, मर्डो. तुझं तोंड बघायला भ्याला असेल. तू तरी हाक मारलीस का त्याला कधी?"

माझा राग अजून गेलेला नाही. आणि मला त्याची फार आठवण येते. दोन्ही खरं आहे, वकिलांनी यातलं काहीही खोडू नये.

तरी माझ्या डोक्याकडची दोरी स्ट्रुअन लेडलॉची. एफीने कार्ड स्वतः नेऊन द्यावं. बाकीच्या दोऱ्या तिने हव्या त्यांना वाटाव्यात. स्ट्रुअन आला नाही, तर त्याची दोरी कोणाच्याही हाती देऊ नये, भाडोत्री माणसाच्या तर नाहीच. पेटी कलली तर कलू दे. त्याने माझी जागा रिकामी ठेवली होती. मीही त्याची ठेवतो.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला, आणि दम खाऊन सही केली.

मर्डो कॅ. गिलक्रिस्ट
ग्रीनॉक, ९ नोव्हेंबर २०१४

साक्षीदार:
हेक्टर टेनंट, पियानो जुळवणारे
नॅन्सी ऑर, घरी येणारी परिचारिका