मारून चित्र सुधारत नाही

छकुले,

न्हाणीघराचं दार तू उघडत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी फटीतून सरकवतोय.

कल्पना कर हं. एका घरात एक आजोबा होते. मिक्सर अडला, रेडिओ खरखरला, की ते थप्पड हाणत आणि म्हणत, "शहाण्याला शब्दाचा मार, यंत्राला हाताचा." नात बघून शिकली.

आज दुपारी जुन्या प्रोजेक्टरचं चित्र पिवळट, धूसर दिसायला लागलं. नातीने त्याला तीन बुक्क्या घातल्या. धाकटा भाऊ उजेडाच्या आड येऊन हसला, "ताई, अजून जोरात. जीव गेला नाही त्याचा." तिने पडद्याची लोखंडी दांडी उचलून त्याच्या कपाळावर हाणली. रक्त पडद्यावर उडालं.

डोळा वाचलाय. टाके घालायला नेतोय. आत्या येतेय, तिला दार उघड. तुझ्यावर कोणी हात उगारणार नाही. ते आजोबा मीच, आणि आधी चुकलो तो मी.

संध्याकाळी धाकट्याला सिनेमा हवाय. प्रोजेक्टर गार झाला की आत्याला सोबत घेऊन त्याच्या जाळीतली धूळ मऊ ब्रशने झाड, पुढची काच सुक्या कापडाने पूस, खिडक्या झाक. चित्र तिरकं आलं तर बटणं दाबू नकोस, टेबलच सरळ कर. दिवा जुना आहे, थोडं मंद दिसेल.

आणि त्या नातीने पुढे काय केलं? दांडी टाकली, अंगातला स्वेटर काढून भावाच्या कपाळावर दाबला आणि आजोबा धावत येईपर्यंत हात हलू दिला नाही.