गठ्ठा आणि फळी

पानिपत,
२० जानेवारी

ती. लताआत्यास,
संग्रामचा शि. सा. न. वि. वि.

फोन गठ्ठ्याखाली चिरडला, म्हणून हे पत्र टेम्पोवाल्याच्या हाती. तो करोल बागेत ब्लँकेटं टाकतो, तुझ्या गल्लीवरूनच जातो.

मागच्या वर्षी काला अंबला, पानिपतच्या लढाईचं स्मारक पाहायला, तुम्हा सगळ्यांबरोबर आलो, बस परत गेली आणि मी राहिलो, ते तू अजून विसरली नसशील. मी काम करतो त्या गोदामात जगभरचे जुने स्वेटर येतात, पिंजून त्यांची ब्लँकेटं होतात. परवा एका खिशात कुठल्या तरी परदेशी बसचं तिकीट निघालं. ते गाव कसं असेल, तिथे थंडी किती असेल, यातच माझी दुपार गेली. असो, भरकटलो.

मुद्दा असा की कंबर गेली. वाकून गठ्ठा उचलला, तसाच वळलो, आणि डाव्या पायात कळ उतरली ती पार बोटांपर्यंत. आता त्या पायाचा अंगठा वर उचलला जात नाही. चप्पल गळून पडते, मला कळतही नाही. आत्या, मला दुसरं काही येत नाही गं, फक्त चालता येतं, या गावाहून त्या गावाला. काय करू, सांग.

माया आहेच, ती या खेपेस थोडी जास्त धाड.
तुझा संग्राम


करोल बाग,
२२ जानेवारी

चि. संग्राम यास लताआत्याचे अनेक आशीर्वाद.

आधी रागावून घेते. शिक्षण अर्धवट सोडलंस, काकांनी चिकटवून दिलेली नोकरी सोडलीस, आणि शेवटी हमाल झालास. वा रे पठ्ठ्या!

टेम्पोतून फळी पाठवते आहे. तिच्यावर उताणा पड. उठायचं नाही, बसायचं नाही, कूससुद्धा विचारून बदलायची. तुझ्या काकांची कंबर धरली होती तेव्हा हेच केलं, बिल्कुल बरे झाले. डॉक्टरकडे धावू नकोस, ते लगेच कापायला बघतात. आमच्या मंत्रालयात बजेटची धावपळ आहे, रजेचं नाव काढता येत नाही. बजेट झालं की येतेच. तोवर, यार, जन्मात एकदा तरी एका जागी राहा.

तुझी काळजी करत बसलेली,
लताआत्या


पानिपत,
४ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पहिल्यांदाच ऐकलं. फळीवरून हललो नाही. छताला एक ओल आहे, तिचा आकार हळूहळू नर्मदेसारखा दिसायला लागला. काल उठायला गेलो तर पूर्ण पाऊलच लोंबकळलं. पोटरी वाळून काठी झाली आहे. गोदामातल्या दोघांनी उचलून दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर विजयालक्ष्मींनी समजावलं. मणक्यांमधल्या चकतीला रक्त जवळजवळ पोचतच नाही म्हणे. चालताना दाब पडतो, सुटतो, त्यातूनच तिला खाणंपाणी मिळतं. मी वाकून-वळून सगळा भार एका कडेवर टाकला, तिथून ती फुटली आणि नसेवर बसली. मग नुसतं पडून राहिलो, तर तीही उपाशी, पायही उपाशी. नस मात्र चेपलेलीच. त्यांनी विचारलं, "इतने दिन लेटे रहने को किसने कहा?" मी तुझं नाव घेतलं नाही.

सोमवारी दिल्लीत ऑपरेशन. कळ जाईल, पाऊल परत येईलच असं नाही, म्हणाल्या. तोवर झेपेल तेवढं थोडं थोडं चाल, म्हणाल्या. भिंत धरून दारापर्यंत जातो आणि रडू येतं. आत्या, पाऊल आलं नाही तर मी कोण?

लवकर ये, एवढंच.
संग्राम


करोल बाग,
५ फेब्रुवारी

चि. संग्रामला पोटाशी धरून आशीर्वाद.

टेम्पो उभाच आहे, त्याच्या हाती हे. मी मागोमाग दुपारच्या गाडीने निघते. बजेट झालं तरी कामं संपेनात, म्हणून आज रजा मागितली नाही, सांगून टाकली. टेम्पोवाल्याकडून दवाखान्याचा नंबर घेऊन डॉक्टरबाईंना फोन केला. फळी मी पाठवली, हे मीच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. पाऊल येईल का विचारलं, तर म्हणाल्या, सांगता येत नाही. काकांचं दुखणं वेगळं होतं, हे आज कळतंय.

मी येईपर्यंत भिंत धरून जात राहा. मी आले की माझा खांदा धर.

तुला कुठे तरी टेकवावं म्हणून मी किती वर्षं देवाला साकडं घालत होते. आता ते परत घेतलं आहे. बरा झालास की न सांगता निघून जा. मी शोधायला येणार नाही, रागावणार नाही. फक्त स्वतःच्या पायांनी जा.

तुझी,
लताआत्या