७३९३९१३३

१२ ऑगस्ट, बुधवार

सालेकशाच्या शाळेत गणित म्हणजे मी, असं होतं. आता पोरं त्या नव्या बिसेन मॅडमचंच नाव घेऊन राहिली. आज माझाच तास मागून घेतला आणि फळ्यावर लिहिलं ७३९३९१३३. मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारी. मग उजवीकडून एकेक अंक तळव्यानं पुसत गेली. दर वेळी उरलेली संख्याही मूळच! शेवटी नुसता सात. पोरांनी टाळ्या पिटल्या. तळव्यानं पुसायचं कायले? डस्टर होता न!

मला काऊन सुचलं नाही हे? वीस वर्षं काय केलं मी?

एका पोरीनं तर तोंडावर विचारलं, "मॅडम, तुमाले येते का असा आकडा?"

घरी येऊन चहाही न घेता भागाकार करत बसले. कुठंतरी फुटेलच. आणि फुटला! ७३९३ला सातनं भाग गेला. लगेच फोन लावला तिला. "मॅडम, तुमचा आकडा तुटला."

ती हळूच म्हणाली, "एक बाकी राहते जी ताई. मीबी पयल्यांदा इथंच फसली होती."

खडूनं माखलेला तिचा तो तळवा डोळ्यांसमोरून हलत नाही.

हसली असती तर बरं झालं असतं.